वावर

वऱ्हाडात नि खानदेशात वावर म्हणजे शेत. पुस्तकी मराठीत वावर म्हणजे माणसांचं येणं-जाणं, घरातून फिरणं. बंगल्याचा नकाशा आखायला बसलं की हे दोन्ही अर्थ एकाच कागदावर येतात. गावाबाहेरचं एखादं वावर एन. ए., म्हणजे बिगरशेती, होतं, त्याचे दोन-दोन गुंठ्यांचे तुकडे पडतात, आणि मग त्या तुकड्यावर कोण कुठून कुठे चालणार हे ठरवायचं असतं. ते सहसा कुणी ठरवत नाही. ठरतात त्या खोल्या: हॉल, किचन, तीन बेडरूम, त्यातल्या दोन अटॅच्ड. मोजदाद खोल्यांची होते आणि घर मात्र चालतं वावरावर.

जुन्या घरांत खोल्यांना फारसा भाव नव्हता. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण, आणि घर इतक्या खणांचं, अशी भाषा. ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, परस हा क्रम पक्का. परका माणूस ओसरीवर थांबे, ओळखीचा माजघरापर्यंत येई, स्वयंपाकघरात फक्त घरचे. प्रत्येक उंबरठा ही एक चाळणी होती. आजच्या नकाशात हीच चाळणी नाहीशी झालेली असते. हॉलमध्ये पाहुणे बसलेत आणि न्हाणीघरातून टॉवेल गुंडाळलेला माणूस बाहेर येऊन सगळ्यांसमोरून बेडरूममध्ये जातो, हे चित्र नव्याकोऱ्या बंगल्यातही दिसतं, कारण कागदावर बाथरूमचं दार कुठे उघडतं याकडे कुणी पाहिलेलं नसतं.

एक सरळ हिशोब मांडू. दोन गुंठे म्हणजे २,१७८ चौरस फूट. समजा प्लॉट ३६ बाय ६० आहे आणि ३६ फुटी तोंड पश्चिमेच्या रस्त्याला आहे. सामासिक अंतर, म्हणजे प्लॉटच्या कडेपासून मोकळी ठेवायची जागा, किती सोडायचं हे रस्त्याची रुंदी, प्लॉटचं क्षेत्रफळ आणि गावठाण आहे की नाही यावर ठरतं. डिसेंबर २०२० पासून, मुंबईसारखे अपवाद सोडून, राज्याला यूडीसीपीआर ही बांधकामाची एकत्रित नियमावली लागू आहे, तेव्हा आपल्या प्लॉटचा आकडा नगररचना कार्यालयातून लेखी घ्यावा. शेजाऱ्याने किती सोडलंय ते बघून आखू नये. इथे समोर १० फूट आणि उरलेल्या तिन्ही बाजूंना ५-५ फूट धरू. बांधायला राहिले २६ बाय ४५, म्हणजे १,१७० चौरस फूट.

यातून बाहेरची नऊ इंची भिंत चारी बाजूंनी वजा केली की आत २४.५ बाय ४३.५ उरतं. नुसत्या बाहेरच्या भिंतींनी शंभराहून जास्त चौरस फूट, म्हणजे दहा बाय दहाची एक अख्खी खोली खाल्ली. आतल्या भिंतींचे साधारण पन्नास. जिन्याचे शंभर. हाताशी राहिले नऊशेच्या आसपास. 'तळमजला बाराशेचा आहे' असं म्हणत तीन मोठ्या खोल्या मागणाऱ्यांचं गणित इथेच फसतं. साडेतीन फूट रुंद आणि पंधरा फूट लांब पॅसेज घेतला तर आणखी बावन्न चौरस फूट गेले. बांधकामाचा दर चौरस फुटाला दोन हजार धरला तरी नुसतं चालायला लाखभर रुपये. म्हणून पॅसेज नकोच, असं लगेच म्हणायला नको. टॉवेलवाल्या माणसाला आडोसा देणारा पाच फुटांचा बोळ लाखमोलाचा असतो. वाईट असतो तो पंधरा फुटांचा, ज्यात खिडकी नाही, कपाट नाही आणि दुपारीही दिवा लागतो.

खोली किती मोठी हवी, हा प्रश्न उलट्या बाजूने सोडवावा. चौकटीची वही घ्यायची, एक चौकट म्हणजे एक फूट. पुठ्ठ्यातून पलंग, कपाट, सोफा, जेवणाचं टेबल, फ्रीज त्याच मापात कापायचे आणि आधी ते मांडायचे. भिंत नंतर. मोठा पलंग ६ बाय साडेसहाचा. समोरच्या भिंतीला दोन फूट खोल कपाट. मधे अडीच फूट, कारण कपाटाचं दार उघडून माणसाला उभं राहायचंय. झाले अकरा फूट. दुसऱ्या दिशेने पलंगाचे सहा, दोन्ही बाजूंना दोन-दोन, आणि दाराकडे दोन. झाले बारा. म्हणून ११ बाय १२ ची खोली चांगली. तीच १० बाय १२ केली की मधे दीडच फूट उरतं, कपाटाची दारं पलंगाला अडतात आणि मग सरकत्या दारांच्या कपाटाचं बिल येतं. राष्ट्रीय इमारत संहिता घरातल्या निदान एका राहत्या खोलीला किमान साडेनऊ चौरस मीटर मागते, म्हणजे साधारण १०२ चौरस फूट. पण तो किमान आकडा आहे, सुखाचा नाही.

त्यात नकाशातलं माप भिंतीचं असतं, गिलाव्याचं नाही. आतला गिलावा प्रत्येक बाजूला अर्धा इंच घेतो. संडास-बाथरूममध्ये गिलाव्यावर टाइल चढते, तेव्हा दोन्ही बाजूंचे मिळून अडीच इंच सहज जातात. कागदावरचं चार फुटी बाथरूम हातात येतं तेव्हा पावणेचार फुटांचंच असतं. कमोडच्या मध्यापासून बाजूच्या भिंतीपर्यंत दोन्हीकडे किमान सव्वा फूट लागतो आणि पुढे दोन फूट. त्यामुळे साडेचारच्या खाली जाऊ नये, पाच उत्तम. आतला क्रम कोरड्याकडून ओल्याकडे: दाराशी बेसिन, मधे कमोड, टोकाला खिडकीखाली अंघोळ आणि तिथेच नाहणी ट्रॅप, म्हणजे पाणी जायची जाळी. फुटाला पाव इंच उतार. ट्रॅप दाराजवळ बसवला की सगळ्यांची अंघोळ दाराकडे वाहते आणि पायपुसणं कायम ओलं.

दारांबद्दल एवढंच, की भिंतीच्या मधोमध दार म्हणजे दोन्ही कोपरे वाया. दार कोपऱ्याकडे सरकवावं, पण अगदी कोपऱ्यात नाही. ज्या भिंतीला कपाट येणार तिथे चौकटीपाशी सव्वादोन फूट सोडावेत, नाहीतर कपाट दारात डोकावतं. आणि दार कोणत्या बाजूला उघडतं ते नकाशात पाव वर्तुळाने दाखवलेलं असतं, ते बघूनच दिव्याची बटणं ठरवावीत. दारामागचा स्विचबोर्ड ही मराठी घरातली फार जुनी परंपरा आहे.

आता जिना. नकाशातली सगळ्यात जास्त चुकणारी आणि नंतर अजिबात न सुधारणारी गोष्ट हीच. दोन मजल्यांच्या फरशीतलं अंतर साडेदहा फूट, म्हणजे १२६ इंच धरू. पायऱ्या विषम हव्यात हा आपल्याकडचा आग्रह. ठीक आहे, एकोणीस घेऊ. १२६ भागिले १९ म्हणजे सहा इंच पाच सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). ही उंची गुडघ्याला मानवते. संहिता घरगुती जिन्याला १९० मिलिमीटरपर्यंत, म्हणजे साडेसात इंचांपर्यंत परवानगी देते, पण साठीनंतर तो पाऊण-एक इंच रोज मोजला जातो. पाऊल टेकायला दहा इंच. पहिल्या टप्प्यात दहा उंच्या आणि नऊ पावलं, म्हणजे साडेसात फूट. मग साडेतीन फुटांचं लँडिंग. वळून दुसऱ्या टप्प्यात नऊ उंच्या. दोन्ही टप्पे साडेतीन-साडेतीन फूट रुंद आणि मधे तीन इंचांची फट. खाली-वर उभं राहायची जागा धरून जिन्याला आतून सव्वासात बाय साडेतेरा फूट लागतात. नकाशात '६ बाय १०' असं लिहून जिना बसवला असेल तर पायऱ्या उंच होणार किंवा वळणावर त्रिकोणी होणार. त्रिकोणी पायरीवरून पलंगाचा साडेसहा फुटी प्लाय चढत नाही, आणि वेळ आली तर आजारी माणसाचं स्ट्रेचरही उतरत नाही.

लँडिंगखाली संडास काढू, ही कल्पना जवळजवळ प्रत्येक घरात एकदा तरी निघते. हिशोब करा. दहा उंच्या म्हणजे साडेपाच फूट. त्यातून सहा इंचांचा स्लॅब वजा. राहिले पाच फूट. तिथे इन्व्हर्टर ठेवा, चपला ठेवा, दळणाचे डबे ठेवा.

आणखी एक चूक मिस्त्रीच्या हातून होते, पण तिचं मूळ नकाशात असतं. जिन्याचा सांगाडा ओततात तेव्हा फरशी बसलेली नसते. नंतर खालच्या-वरच्या दोन्ही मजल्यांवर भर घालून तीन इंचांची फरशी येते आणि पायऱ्यांवर ग्रॅनाइट नि मसाला मिळून दीडच इंच. परिणामी खालची पहिली पायरी पाच इंचांची होते आणि वर पोहोचताना शेवटची आठ इंचांची. पाय उंचीची सवय दुसऱ्या-तिसऱ्या पायरीतच लावून घेतो, त्यामुळे माणसं पडतात ती बहुधा शेवटच्या पायरीवर. नकाशावर 'तयार फरशी ते तयार फरशी' असं स्पष्ट लिहून सेंटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, लागण्याआधी उंच्यांच्या खुणा भिंतीवर मारून घेतल्या की हे टळतं.

जिना घरातून की बाहेरून, हा प्रश्न खरं तर पायऱ्यांचा नसतो. बाहेरून जिना म्हणजे वरचा मजला भाड्याने देता येतो, उद्या दोघा भावांत वाटणीही सोपी. आतून जिना म्हणजे वरची मुलं जेवायला खाली येतात, कोण कधी आलं-गेलं ते कळतं. घरातली मोठी माणसं बाहेरून म्हणतात आणि तरुण आतून, किंवा नेमकं उलट, आणि कारण कुणीच उघड सांगत नाही. मधला मार्ग असा: जिना मुख्य दाराच्या आत, पण दाराला लागूनच घ्यायचा आणि दाराशी पाच बाय पाचची मोकळी चौकोनी जागा ठेवायची. आज ती घरातलीच. उद्या त्या चौकात एक दार बसवलं की वरचं घर वेगळं.

वास्तूचा विषय टाळून मराठी घर आखता येत नाही. आग्नेयेला स्वयंपाकघर, ईशान्येला देवघर, नैर्ऋत्येला कर्त्याची खोली. मानणाऱ्याने मानावं, पण सूर्याला सोबत घेऊन. आपल्याकडे उन्हाळ्यात त्रास दक्षिणेचा नसतो, पश्चिमेचा असतो. पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यावर सूर्य थेट डोक्यावर येतो आणि त्यानंतर जुलैअखेरपर्यंत दुपारी तो किंचित उत्तरेकडेच असतो. म्हणजे ऐन उकाड्यात दक्षिणेच्या खिडकीतून दुपारचं ऊन आत येतच नाही. डिसेंबरात तो दक्षिणेला खाली उतरतो, तेव्हा दोन फुटी छज्जा असला तरी चार फुटी खिडकीच्या खालच्या जवळपास अर्ध्या भागातून ऊन आत येतं, आणि तेव्हा ते हवंच असतं. पश्चिमेचं ऊन मात्र तिरकं येतं, छज्ज्याला जुमानत नाही, नऊ इंची विटेची भिंत संध्याकाळपर्यंत तापवतं, आणि ती भिंत रात्री झोपेच्या वेळी आत उष्णता सोडत बसते. नैर्ऋत्येच्या खोलीत कर्ता पुरुष का चिडलेला असतो, त्याचं एक कारण हे असावं.

आपल्या पश्चिममुखी प्लॉटवर नैर्ऋत्य म्हणजे रस्त्यावरून घराकडे पाहताना पुढचा उजवा कोपरा. ऊनही तिथे, हॉर्नही तिथेच. तिथे जिना ठेवावा. दक्षिण-पश्चिमेला जिना वास्तुवाल्यांनाही चालतो, तो तापला तरी कुणाची झोप जात नाही, आणि मुख्य दार शेजारीच राहतं. जिन्याच्या डावीकडे पावणेसतरा फूट उरतात. तिथे घर सात फूट आत घेऊन पोर्च. गाडीला नऊ फूट, पायऱ्यांना आणि चालायला साडेसात. समोरचे दहा आणि आतले सात मिळून गाडीला सतरा फूट लांबी मिळाली. पोर्चच्या सावलीमुळे हॉलची पश्चिम भिंतही वाचली. जिन्यामागे दक्षिणेला आजी-आजोबांची ११ बाय १२ ची खोली, तिला लागून संडास-बाथरूम, त्यापुढे आग्नेयेला स्वयंपाकघर. उत्तरेच्या बाजूला तेरा फूट रुंदीत हॉल, पुढे जेवणाची जागा, टोकाला ईशान्येत देवघर. पॅसेज जवळजवळ नाहीच. आणि संडास, बेसिन, सिंक सगळं दक्षिणेच्या भिंतीला एका रेषेत आलं, म्हणजे सांडपाण्याच्या चेंबरची ओळही बाहेरच्या पाच फुटांत सरळ जाते.

पाण्याची ही रेषा वरच्या मजल्यावरही तशीच चढली पाहिजे. वरचं बाथरूम खालच्या बाथरूमवर. ते हॉलवर किंवा देवघरावर आलं की सोवळ्याचा प्रश्न राहू द्या, गळतीचा येतोच. बाथरूमचा स्लॅब आठ-नऊ इंच खाली घेऊन त्यात पाइप टाकतात, वर भर घालून टाइल बसवतात. त्या खड्ड्यातला एक सांधा सुटला की पाणी महिनोन्महिने आतच साचतं आणि खालच्या छतावर पिवळा डाग उमटतो तेव्हा कळतं. खाली बाथरूमच असेल तर डाग टाइलच्या घरात पडतो. हॉल असेल तर नव्या फॉल्स सीलिंगवर.

स्वयंपाकघराशी जरा थांबायला हवं, कारण घरातला निम्मा वावर इथला. ओट्याची उंची सरसकट तेहतीस इंच करून टाकतात. खरं माप स्वयंपाक करणाऱ्याच्या कोपरापासून घ्यावं: हात दुमडून उभं राहायचं आणि कोपराच्या चार-पाच इंच खाली ओटा. पोळ्या लाटायला तोही उंच पडतो, लाटताना वरून जोर लागतो. ज्या घरात रोज वीस-पंचवीस पोळ्या होतात तिथे ओट्याचा दोन फुटांचा तुकडा तीन इंच खाली घ्यावा. दिसायला थोडं विचित्र दिसतं, पण खांदे दुखत नाहीत. फ्रीज, सिंक, चिरायची जागा, शेगडी हा क्रम हात न ओलांडता लागला पाहिजे. सिंक आणि शेगडी यांच्यात किमान दोन फूट, नाहीतर भाजीचं पाणी कढईत उडतं. शेगडी खिडकीखाली नको. पश्चिमेचा वारा सुटला की ज्योत विझते, आणि खिडकी लावून घ्यायची असेल तर ती काढली कशाला? खिडकीची खालची कड पावणेचार फुटांवर. फ्रीज भिंतीच्या कोपऱ्यात अगदी चिकटवू नये: दार काटकोनापुढे उघडलं नाही तर आतला भाजीचा खण बाहेरच येत नाही. समोरासमोर दोन ओटे घ्यायचे तर मधे किमान साडेतीन फूट, दिवाळीच्या फराळाला चार. आणि मागच्या दाराबाहेर चार फूट रुंदीची धुण्या-भांड्यांची जागा, नळ आणि गॅस सिलिंडरसकट. घरघंटीला प्लग कुठे, हे आताच लिहून ठेवा. ती जड असते आणि दळताना पीठ उडतं, त्यामुळे शेवटी ती बेडरूममध्ये जाऊन बसते.

आजी-आजोबांची खोली तळमजल्यावर, हे सगळ्यांना कळतं. बाथरूमचं दार अडीच फुटांऐवजी तीन फुटांचं आणि बाहेर उघडणारं हवं, हे कमी जणांना. आत माणूस पडला तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं.

कॉलमचं स्थान इंजिनिअरवर सोडावं, पण दिशा विचारावी. नऊ बाय अठराचा कॉलम लांब बाजूने भिंतीत लपतो. आडवा ठेवला की खोलीत नऊ इंच पुढे येतो आणि पलंग, कपाट दोन्ही त्याला वळसा घालतात. आतली भिंत चार-सहा इंची असेल तर नऊ इंची कॉलम थोडा बाहेर येणारच. तो कपाटाच्या बाजूला घ्यावा. पोर्चच्या कोपऱ्यातला कॉलम मात्र गाडी वळवून, निदान पुठ्ठ्याची गाडी वळवून, तपासावा. जोतं रस्त्यापासून दोन-अडीच फूट वर ठेवावं, कारण दर डांबरीकरणाला रस्ता वर येतो आणि घर येत नाही. पण दोन फूट म्हणजे सहा इंचांच्या चार उंच्या, त्यांना चार फूट जागा लागते. ती पोर्चमधून आधीच वजा करा.

मग भूमिपूजनानंतर फक्की मारायचा, म्हणजे चुन्याच्या भुकटीने जमिनीवर घर आखायचा दिवस येतो. मिस्त्री एका कोपऱ्यात खुंटी ठोकतो, एका बाजूला नऊ फूट, दुसरीला बारा फूट मोजून खुणा करतो, आणि दोन खुणांमधली दोरी बरोबर पंधरा फूट भरली की कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात. मग कर्ण. २६ बाय ४५ च्या चौकोनाचा कर्ण बावन्न फुटांना जेमतेम तीन सूत कमी भरतो. महत्त्वाचं हे, की दोन्ही कर्ण सारखे हवेत. तीन-चार इंचांचा फरक आला आणि 'चालतंय' म्हणून पुढे गेलात, तर फरशी बसवताना शेवटच्या ओळीत पाचर कापावी लागते आणि ती जन्मभर दिसते.

पांढऱ्या रेषा उमटल्या की घरातली सगळी त्यांत उभी राहतात आणि हमखास म्हणतात, खोल्या केवढ्याशा झाल्यात! उघड्या आभाळाखाली भिंतीशिवायची खोली लहानच भासते. भिंती खिडकीपर्यंत चढल्या की तीच मोठी वाटू लागते. पण त्या सकाळी घाबरून कुणीतरी रेषा फूटभर सरकवायला सांगतं, जिन्याचे साडेतेरा साडेबारा होतात, आणि सगळं गणित तिथे मोडतं. त्या दिवशी खिशात टेप ठेवावी, आणि सध्या राहतो त्या घरातल्या खोल्यांची मापं चिठ्ठीवर लिहून न्यावीत. उरलेल्या फक्कीने आजी-आजोबांच्या खोलीत सहा बाय साडेसहाचा पलंग आखावा, समोर दोन फुटांचं कपाट आखावं, आणि मधल्या अडीच फुटांतून आजींना एकदा बाथरूमच्या दारापर्यंत चालत जाऊ द्यावं.